लामला कुठे खेळवायचं? जर्मनीच्या २०१४ च्या विश्वचषकातल्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीने आपल्या सर्वोत्तम राइट बॅकला (उजव्या कडेच्या बचावपटूला), फिलिप लामला, पहिले चार सामने मिडफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत, खेळवलं आणि उरलेले तीन सामने राइट बॅकला. चौथ्या सामन्यात संघ बाहेर पडता पडता वाचला आणि सातव्यात जगज्जेता झाला. त्यामुळे ‘प्रशिक्षक ल्योव यांना उशिरा का होईना शहाणपण सुचलं’ अशी एका ओळीची गोष्ट तयार झाली. ती अर्धीच खरी आहे. फिलिप लामची कारकीर्द मागून तपासली तर हा पेच ब्राझीलमध्ये जन्मला नव्हता हे दिसतं. तो दहा वर्षं जुना होता आणि लाम निवृत्त झाल्यावरही जर्मन संघाच्या मानगुटीवर बसलेला आहे.

पार्श्वभूमी

लामचा जन्म ११ नोव्हेंबर १९८३ चा, म्युनिकमधला. एफटी गेर्न या घराजवळच्या छोट्या क्लबातून तो ११ व्या वर्षी बायर्न म्युनिकच्या कुमार विभागात आला. पायाने उजवा, उंची १.७० मीटर. बचावपटूसाठी ही उंची अपुरी समजली जाते. लांबच्या खांबाकडे उंच क्रॉस (कडेवरून गोलासमोर मारलेला चेंडू) आला की प्रतिस्पर्धी त्याच्या डोक्यावरून हेडर मारणार, हा हिशोब कुणीही मांडू शकत होतं.

लामने त्याला दिलेलं उत्तर जागेवर उभं राहण्यातलं होतं. क्रॉस आल्यावर हवेत झुंजण्यापेक्षा क्रॉस निघूच द्यायचा नाही. कडेने चढाई करणाऱ्या विंगरच्या समोर छाती करून उभं न राहता शरीर तिरकं ठेवायचं, आतली वाट बंद करायची आणि त्याला रेषेकडे ढकलायचं. घसरून टॅकल शक्यतो करायचा नाही, कारण जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे दोन-तीन सेकंद खेळातून बाद असतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायापासून अर्धा मीटर सुटला की तेवढ्यात पाय घालायचा. ज्याला हे जमतं त्याला फाउल फार करावे लागत नाहीत. लामला व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही लाल कार्ड मिळालं नाही, ते त्याच्या सभ्यपणाइतकंच या तंत्रामुळे.

१३ नोव्हेंबर २००२ रोजी लान्सविरुद्ध चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत शेवटच्या क्षणी बदली म्हणून उतरून त्याने पदार्पण केलं. पुढे मात्र रस्ता बंद होता. बायर्नच्या उजवीकडे विली सान्योल आणि डावीकडे बिक्सेन्ते लिझाराझू, दोघेही फ्रान्सचे आंतरराष्ट्रीय खेळाडू. एक तर बायर्नच्या दुसऱ्या संघात तिसऱ्या श्रेणीत खेळत वाट पाहायची, नाहीतर दुसरीकडे जायचं. २००३ मध्ये तो दोन वर्षांसाठी उसना म्हणून श्टुटगार्टला गेला. तिथे राइट बॅकला आंद्रेआस हिंकेल पक्का होता, म्हणून प्रशिक्षक फेलिक्स मागाट यांनी लामला लेफ्ट बॅक केलं. उजव्या पायाच्या खेळाडूची डावीकडे एक अडचण असते: रेषेपर्यंत धावून डाव्या पायाने क्रॉस मारणं त्याला जड जातं. फायदा असा की आत वळला की गोल थेट उजव्या पायासमोर येतो. ९ जून २००६ रोजी म्युनिकमध्ये कोस्टारिकाविरुद्ध विश्वचषकाच्या सलामीला, सहाव्या मिनिटाला, त्याने डावीकडून आत येऊन लांबच्या वरच्या कोपऱ्यात मारलेला गोल हे त्याचं उत्तम उदाहरण. तेव्हा त्याच्या डाव्या हाताला जखमेचं आवरण बांधलेलं होतं.

श्टुटगार्टच्या त्या निर्णयाने लामची कारकीर्द उभी केली आणि त्याच्या कपाळी एक शिक्काही मारला: हा दोन्हीकडे चालतो.

मूळ अडचण

राष्ट्रीय संघातल्या त्याच्या जागा ओळीने पाहाव्यात. २००४ चा युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) आणि २००६ चा विश्वचषक: डावीकडे. २००८ चा युरो: सुरुवातीला उजवीकडे, मग मार्सेल यान्सेनला बसवल्यावर डावीकडे. २०१० चा विश्वचषक: उजवीकडे, आणि मिखाएल बालाक जखमी असल्याने कर्णधारही. २०१२ चा युरो: पुन्हा डावीकडे, कारण उजवीकडे जेरोम बोआटेंग होता.

दर वेळी प्रशिक्षकांचा विचार सारखाच होता. दोन फुलबॅकपैकी (कडेच्या बचावपटूंपैकी) एकच जागतिक दर्जाचा आहे आणि तो कुठेही चालतो, तर जिथे पर्याय जास्त कमकुवत तिथे त्याला लावा आणि दुसरीकडे त्यातल्या त्यात बरा माणूस उभा करा. यात चूक काहीच नाही. तोटा एवढाच की लामची जागा त्याच्या खेळापेक्षा इतरांच्या उणिवा ठरवत होत्या.

लामला स्वतःला ही गोष्ट क्लबच्या पातळीवर टोचत होती. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने वर्तमानपत्राला मुलाखत देऊन बायर्नच्या खेळाडू-खरेदीवर उघड टीका केली. आधी खेळायची पद्धत ठरवा आणि तिला लागणारे खेळाडू घ्या, असा तिचा गाभा. क्लबने त्याला जबर दंड ठोठावला. जानेवारी २०११ मध्ये कर्णधार मार्क फान बोमेल क्लब सोडून गेल्यावर त्याच क्लबने त्याला कर्णधार केलं आणि २५ मे २०१३ रोजी वेम्बलीवर डॉर्टमुंडला २-१ ने हरवून त्याने चॅम्पियन्स लीगचा चषक उचलला. त्या हंगामात तो निर्विवाद राइट बॅक होता.

मग बायर्नचे प्रशिक्षक म्हणून पेप ग्वार्डिओला आले. मिडफिल्डमध्ये दुखापतींची रांग लागली होती, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये चेल्सीविरुद्धच्या सुपर कपमध्ये त्यांनी लामला बचावफळीच्या पुढे, मध्यभागी आणलं. तो तिथे इतका चांगला खेळला की ही तात्पुरती सोय राहिलीच नाही. राइट बॅकला राफिन्या आणि मध्यभागी लाम, ही बायर्नची नेहमीची मांडणी झाली. मार्च २०१४ मध्येच, सात सामने बाकी असताना, बायर्नने लीग जिंकली.

हेच लामच्या कारकिर्दीतलं खरं वळण. तोवर प्रश्न उजवा की डावा एवढाच होता. आता तिसरी जागा आली, आणि ती संघाच्या कण्यातली होती.

ब्राझीलला जाण्यापूर्वीची स्थिती

मे २०१४ मध्ये प्रशिक्षक योआखिम ल्योव यांच्यासमोर असलेली यादी चिंतेची होती. सामी खेडिराच्या गुडघ्याचा लिगामेंट नोव्हेंबर २०१३ मध्ये फाटला होता, तो नुकताच परतला होता. बास्टियान श्वाइनश्टायगर दुखापतीतून सावरत होता. इल्काय ग्युन्डोआन संघाबाहेर, लार्स बेंडर जायबंदी. डावीकडे मार्सेल श्मेल्झर अंतिम यादीतून गळला. ६ जूनला आर्मेनियाविरुद्धच्या सराव सामन्यात मार्को रॉइसचा घोटा गेला आणि त्याच्या जागी श्कोड्रान मुस्ताफी हा बचावपटू आला. खुद्द लामही १७ मे च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात घोटा दुखावून बाहेर गेला होता.

थोडक्यात, मध्यभागी ९० मिनिटं लागोपाठ खेळू शकेल असा तंदुरुस्त माणूस म्हणजे टोनी क्रूस, आणि थोड्याच दिवसांत लाम.

समोर असलेले पर्याय

पहिला: लाम मिडफिल्डमध्ये, आणि बचावफळीत चारही सेंटर बॅक (मधले बचावपटू). म्हणजे उजवीकडे बोआटेंग, मध्ये पेर मेर्टेसाकर आणि माट्स हुमेल्स, डावीकडे बेनेडिक्ट ह्योवेडेस. फायदे दोन. श्वाइनश्टायगर आणि खेडिरा यांना एकाच जागेवर आलटून पालटून वापरता येतं, त्यामुळे दोघांच्याही पायांवर भार कमी. आणि उंची: चौघेही १.८५ मीटरच्या वर. कॉर्नर आणि फ्री किक दोन्ही गोलांसमोर जर्मनीच्या पथ्यावर. तोटा असा की बाजूने वर चढणारा कुणी नाही.

दुसरा: लाम राइट बॅक, मध्यभागी श्वाइनश्टायगर, खेडिरा आणि क्रूस. कागदावर सर्वात भक्कम. पण जूनच्या दुपारी, साल्वादोर आणि फोर्टालेझाच्या दमट हवेत, पहिल्याच सामन्यापासून दोन अर्धवट तंदुरुस्त खेळाडूंना एकत्र उतरवायचं. तीनच बदली खेळाडूंची मुभा होती आणि त्यातले दोन तिथेच खर्च होण्याची भीती होती.

तिसरा: लाम मिडफिल्डमध्येच, पण बाजूला सवयीचे फुलबॅक. डॉर्टमुंडसाठी राइट बॅक खेळलेला केव्हिन ग्रॉसक्रॉइट्स आणि डावीकडचा तरुण एरिक डुर्म, दोघेही २३ जणांत होते. चढाईला रुंदी मिळते. पण डुर्मचा आंतरराष्ट्रीय अनुभव जवळपास शून्य, आणि हवेतली ताकद घटते.

ल्योव यांनी पहिला निवडला. त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर तो योग्यच होता, असं आमचं मत आहे. पुढे जे बिघडलं त्याचं मूळ दुसरीकडे आहे.

काय केलं आणि काय बिघडलं

१६ जूनला पोर्तुगालवर ४-० असा विजय मिळाला. थॉमस म्युलरने बाराव्या मिनिटाला पेनल्टीवर खातं उघडलं आणि ३७ व्या मिनिटाला पोर्तुगालच्या पेपेला लाल कार्ड मिळालं. दहा जणांविरुद्ध बाजूची रुंदी लागतच नाही, मोकळी जागा आपोआप मिळते. या निकालाने मांडणीची खरी परीक्षा पुढे ढकलली, आणि मोठ्या विजयानंतर कोणता प्रशिक्षक संघ बदलतो?

परीक्षा २१ जूनला घानाविरुद्ध झाली. बोआटेंग जखमी होऊन मध्यंतरानंतर आला नाही, राइट बॅकला मुस्ताफी उतरला. ६३ व्या मिनिटाला लामने मध्यभागी दिलेला पास घानाच्या मुंतारीने कापला आणि त्यावर असामोआ ग्यानने गोल केला. इथे थोडं थांबायला हवं. फुलबॅकचा पास चुकला तर चेंडू कडेला हरवतो, प्रतिस्पर्ध्याला आत यायला वेळ लागतो आणि सेंटर बॅक सरकून घेतात. बचावफळीच्या पुढच्या मिडफिल्डरचा तोच पास चुकला तर प्रतिस्पर्धी चेंडूसह थेट सेंटर बॅकसमोर उभा राहतो, आणि त्याच वेळी ते पासची लाइन मोकळी करायला एकमेकांपासून लांब पसरलेले असतात. लाम क्वचित चुकत असे. मध्यभागी मात्र चुकीची किंमत फार मोठी होती. ७१ व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजेने कॉर्नरवर बरोबरी साधली, चेंडू ह्योवेडेसने डोक्याने त्याच्याकडे ढकलला होता. म्हणजे चार सेंटर बॅकच्या मांडणीने तो गुण वाचवला, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

२६ जूनला अमेरिकेविरुद्ध १-० झालं, म्युलरचा गोल, तोही कॉर्नरनंतरचा.

३० जून, पोर्तो आलेग्रे, अल्जीरिया. हुमेल्स तापाने आजारी. बोआटेंगला मध्ये आणावं लागलं आणि राइट बॅकला मुस्ताफी. मांडणीची कमजोरी इथे उघडी पडली. मुस्ताफी आणि ह्योवेडेस चेंडू घेऊन वर चढत नव्हते, त्यामुळे अल्जीरियाने कडा सोडून दिल्या आणि मध्यभागी गर्दी केली. चेंडू क्रूस-लाम-श्वाइनश्टायगर यांच्यात फिरत राहायचा, कुठेतरी हरवायचा आणि लगेच बचावफळीच्या मागे लांब पास पडायचा. जर्मनीची फळी खूप पुढे उभी होती. गोलरक्षक मानुएल नॉयर पुन्हा पुन्हा पेनल्टी क्षेत्राबाहेर धावून चेंडू काढत राहिला म्हणून ०-० राहिलं.

७० व्या मिनिटाला मुस्ताफीची मांडी गेली. खेडिरा मैदानात आला, लाम राइट बॅकला सरकला. हा बदल दुखापतीने घडवला, फळ्यावर कुणी आखला नव्हता. त्यानंतर जर्मनीला उजवीकडे सतत एक जास्तीचा माणूस मिळू लागला. जादा वेळेत शुर्ले आणि ओझिल यांनी गोल केले, सामना २-१ सुटला. श्वाइनश्टायगर १०९ व्या मिनिटाला बाहेर गेला. त्याचे पाय तेव्हा किती पुरत होते याचा हा सरळ पुरावा.

खरा निर्णय

फ्रान्सशी गाठ ४ जुलैला होती. मध्ये तीनच दिवस. मुस्ताफीची स्पर्धा संपली होती, हुमेल्स बरा झाला होता, खेडिराच्या पायात आणखी काही मिनिटं आली होती.

ल्योव यांनी लामला सुरुवातीपासून राइट बॅक ठेवलं, खेडिरा आणि श्वाइनश्टायगर यांना एकत्र उतरवलं, बोआटेंगला हुमेल्सशेजारी मध्ये आणलं आणि मेर्टेसाकरला बसवलं. लामच्या जागेइतकंच हे शेवटचं पाऊल महत्त्वाचं. खूप पुढे उभ्या फळीमागे लांब पास पडतात तेव्हा वेगवान सेंटर बॅक लागतो, आणि बोआटेंग मेर्टेसाकरपेक्षा कितीतरी वेगवान होता. राइट बॅकच्या जागेवरून बोआटेंग मोकळा झाला म्हणूनच हे शक्य झालं. एका माणसाला एक जागा सरकवून दोन दुखणी बरी झाली. ह्योवेडेस मात्र डावीकडेच राहिला, म्हणजे हवेतली ताकद पूर्ण सोडली नाही. फ्रान्सविरुद्धचा एकमेव गोलही क्रूसच्या फ्री किकवर हुमेल्सच्या डोक्याने झाला.

८ जुलै, बेलो होरिझोन्ते. ब्राझीलचा डावा बचावपटू मार्सेलो चढून गेला की त्याच्या मागे अंगण मोकळं राहायचं, आणि म्युलर आणि लाम तिथे सतत पोहोचत होते. २४ व्या मिनिटाचा क्रूसचा गोल लामच्या उजवीकडून आलेल्या खालच्या पासवर, ६९ व्या मिनिटाचा शुर्लेचा गोल पुन्हा लामच्याच पासवर. ७-१.

सर्वात अवघड घडी अंतिम सामन्यात आली, आणि तिची चर्चा फार कमी होते. १३ जुलैला सराव करताना खेडिराची पोटरी दुखावली. ऐनवेळी क्रिस्टोफ क्रामर उतरला, तोही डोक्याला मार लागून ३१ व्या मिनिटाला बाहेर. मिडफिल्डमधले दोघे गेले आणि जगातला एक उत्तम मिडफिल्डर राइट बॅकला उभा होता. दहा वर्षांची सवय सांगत होती: लामला आत आणा. ल्योव यांनी तसं केलं नाही. शुर्लेला डावीकडे उतरवलं, ओझिलला आत घेतलं, क्रूसला खाली श्वाइनश्टायगरजवळ आणलं. लाम १२० मिनिटं उजवीकडेच राहिला. ११३ व्या मिनिटाला शुर्लेच्या डावीकडच्या क्रॉसवर ग्योत्झेने गोल केला.

निकाल वाचताना घ्यायची काळजी

‘लाम राइट बॅकला म्हणजे विजय’ असा नियम यातून काढू नये. त्याविरुद्धचा पुरावा फक्त दहा आठवडे आधीचा आहे. २९ एप्रिल २०१४ रोजी रियाल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात ग्वार्डिओला यांनी लामला राइट बॅकला परत नेलं आणि मध्यभागी क्रूस आणि श्वाइनश्टायगर असे दोघेच ठेवले. बायर्न घरच्या मैदानावर ०-४ हरलं. पहिल्या वीस मिनिटांत सर्जियो रामोसने कॉर्नर आणि फ्री किकवर दोन हेडर मारले, आणि मधल्या मोकळ्या जागेतून रियालचे प्रतिहल्ले सुटत राहिले.

रियालविरुद्धच्या आणि फ्रान्सविरुद्धच्या, दोन्ही सामन्यांत लामची जागा तीच. फरक शेजाऱ्यांचा. म्युनिकमध्ये त्याने सोडलेली मधली जागा रिकामी राहिली. रिओमध्ये फ्रान्सविरुद्ध ती खेडिराने भरली.

काय वेगळं करता आलं असतं

लामला मध्यभागी खेळवण्यापेक्षा मोठी उणीव अशी की त्या मांडणीला बदली राइट बॅक ठरलेला नव्हता. बोआटेंग बाहेर गेला की कोण, या प्रश्नाला सेंटर बॅकच्या सवयीचा मुस्ताफी हे उत्तर निघालं. ग्रॉसक्रॉइट्स संपूर्ण स्पर्धेत एक मिनिटही खेळला नाही. वापरायचाच नव्हता तर यादीतली एक जागा उगाच अडली, आणि वापरायचा होता तर घानाविरुद्धचा मध्यंतर हीच त्याची वेळ होती.

दुसरं, पोर्तुगालविरुद्धचा सामना ७८ व्या मिनिटाला ४-० झाल्यावर उरलेल्या वेळात लामला उजवीकडे सरकवून पाहता आलं असतं. गुण सुरक्षित असताना केलेला अशा प्रयोगाची किंमत मोजावी लागत नाही. तोच अल्जीरियाविरुद्ध बाद फेरीत, एक बदली खर्चून करावा लागला.

अल्जीरियाविरुद्ध सुरुवातीपासूनच बदल करायला हवा होता का? टीकाकार हो म्हणतात. आम्हाला शंका वाटते. त्या दिवशी खेडिरा आणि श्वाइनश्टायगर दोघेही पहिल्या मिनिटापासून खेळले असते तर जादा वेळेत दोघेही एकदम थकले असते.

निरोपाचे दोन निर्णय

अंतिम सामन्यानंतर पाच दिवसांनी, १८ जुलै २०१४ रोजी, ३० वर्षांच्या लामने राष्ट्रीय संघ सोडला. ११३ सामने, ५ गोल. फेब्रुवारी २०१७ मध्ये, करार २०१८ पर्यंत असताना, त्याने हंगामाअखेर खेळणं थांबवत असल्याचं सांगितलं आणि क्लबमधलं क्रीडा संचालकपदही नाकारलं. २० मे २०१७ रोजी फ्रायबुर्गविरुद्ध ४-१ च्या विजयाने तो थांबला, तेव्हा त्याच्या नावावर आठ लीग विजेतेपदं होती. पुढे २०२४ च्या युरोचा स्पर्धा संचालक म्हणून त्याने काम केलं.

त्याच्या बाजूने दोन्ही वेळा निर्णय स्वच्छ होता. संघाच्या बाजूने पहिला फार महागात पडला. २०१४ नंतर जर्मनीने राइट बॅकला अनेक जण वापरून पाहिले. २०१६ च्या युरोची सुरुवात पुन्हा सेंटर बॅक ह्योवेडेसला उजवीकडे ठेवून झाली. त्याच स्पर्धेत उत्तर आयर्लंडविरुद्ध जोशुआ किमिखला ती जागा मिळाली, आणि लामचा प्रश्न नव्या नावाने सुरू झाला. किमिखही दोन्ही जागी उत्तम. २०२२ च्या विश्वचषकात प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांनी त्याला मिडफिल्डमध्ये खेळवलं आणि कोस्टारिकाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात राइट बॅकला नेलं. सामना ४-२ जिंकूनही जर्मनी गटातच बाद झाली. हेच फ्लिक २०१४ मध्ये ल्योव यांचे सहायक म्हणून बाकावर बसले होते. दोन वर्षांनी, घरच्या युरोत, युलियान नागेल्समान यांनी हा घोळ स्पर्धेआधीच मिटवला: किमिख राइट बॅक, मध्यभागी क्रूसला निवृत्तीतून परत बोलावलं, आणि पहिल्या सामन्यापासून तीच मांडणी ठेवली.